आधी लिहून ठेवलेला मृत्युलेख

२३ मार्च २०११ रोजी एलिझाबेथ टेलर गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिच्यावर जो मोठा मृत्युलेख आला त्यावर मेल गसो यांचं नाव होतं. गसो स्वतः २००५ मध्येच वारले होते. नाटक-सिनेमावर आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाने टेलरवरचा लेख सवडीने लिहून ठेवला होता. पुढे तो संपादकांनी सांभाळला आणि वेळ आल्यावर छापला. लिहिणारा आधी गेला आणि जिच्याविषयी लिहिलं ती नंतर, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. मला मात्र त्या बातमीने हेवा वाटला. एखाद्याच्या आयुष्याकडे इतक्या आधीपासून, इतक्या स्वस्थपणे पाहणारी माणसं एका वर्तमानपत्रात असतात आणि तेच त्यांचं काम असतं, याचा हेवा.

मी बरीच वर्षं उपसंपादक म्हणून रात्रपाळी केली आहे. मृत्यूची बातमी डेस्कवर कशी येते ते मला माहीत आहे. पान सुटायला थोडाच वेळ उरलेला असतो, फोन वाजतो, पलीकडचा वार्ताहर म्हणतो, “बाई गेल्या.” डेस्कवरून पहिला प्रश्न जातो, “कन्फर्म आहे ना?” लगेच दुसरा, “फोटो कुठला लावायचा?” आणि त्यापाठोपाठ, “प्रतिक्रिया कुणाकुणाच्या घेताय?” एका ज्येष्ठ गायिकेच्या वेळची रात्र मला लख्ख आठवते. संदर्भ विभागातून तिच्या नावाचं कात्रणांचं पाकीट मागवलं. आत पिवळी पडलेली चार-दोन कात्रणं निघाली, दोन सत्कारांची आणि एका मुलाखतीची. दोन कात्रणांत जन्मसाल वेगवेगळं होतं. शेवटी घरीच फोन लावावा लागला. मुलीने घेतला. मागे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी रडत होतं, आणि मी तिला विचारत होते, “आईंचा जन्म नेमका कधीचा?” तिने शांतपणे साल सांगितलं, गाव सांगितलं, गुरूंचं नाव सांगितलं. फोन ठेवता ठेवता आपणहून म्हणाली, “तंबोरे मात्र शेवटपर्यंत स्वतःच लावायची हो. बोटं वळायची नाहीत, तासभर लागायचा, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.”

ती ओळ छापली गेली नाही. पान तोवर प्रतिक्रियांनी भरलं होतं. संगीत क्षेत्राची भरून न येणारी हानी झाली होती, एक तारा निखळला होता, एका पर्वाचा अस्त झाला होता. ज्यांनी ही वाक्यं सांगितली त्यांच्या दुःखाविषयी मला शंका नाही. झोपेतून उठवून कुणी दोन वाक्यं मागितली तर माणूस जवळची, तयार वाक्यंच देणार. पण ज्या बाईने सहा दशकं आवाज घडवला तिचा आवाज कसा होता, ती कुठला राग टाळायची, कोणाला शिकवायला तिने नकार दिला, यातलं काहीही दुसऱ्या दिवशी वाचकाला कळलं नाही. तिला ओळखणारे किती मोठे लोक होते, एवढं कळलं.

हे आता वाढलं आहे. एखादं मोठं माणूस गेल्याचं समजलं की तासाभरात त्याच्याबरोबरचे फोटो सगळीकडे दिसू लागतात. यात मला वाईट काही वाटत नाही. आपल्या आयुष्याला त्या माणसाचा कधीतरी स्पर्श झाला होता हे सांगावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. फक्त ते बातमीचं काम नाही. बातमीने गेलेल्या माणसाविषयी बोलावं.

घाई हा या सगळ्यातला खरा दोष, आणि तो आजचा नाही. २० जानेवारी १९३६ च्या रात्री इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज मृत्युशय्येवर होता. त्याचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनी रात्री अकराच्या सुमारास त्याला मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली आणि मध्यरात्रीच्या जरा आधी राजा गेला. डॉसन यांच्या खासगी टिपणांतून १९८६ साली ही गोष्ट उघड झाली. राजाचे हाल लांबू नयेत हे एक कारण त्यांत होतंच. दुसरं कारण असं लिहिलेलं होतं, की मृत्यूची बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांतून न फुटता सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी. डॉसन यांनी लंडनला पत्नीकडे निरोप देऊन ‘टाइम्स’ला अंक थोडा थांबवायलाही सांगितलं होतं. छपाईच्या वेळापत्रकाने एका माणसाच्या शेवटच्या तासांवर हात ठेवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपण बातमीला आयुष्यापेक्षा केवढी मोठी जागा देऊन बसलो आहोत, हे इतकं उघड्यावर क्वचितच दिसतं.

याच्या उलट थांबण्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. मारेकऱ्याविषयी एक चुकीचा शब्द बाहेर गेला असता तर त्या रात्री किती घरं जळली असती याची कल्पना करवत नाही. आकाशवाणीने कार्यक्रम मध्येच तोडून बातमी फोडली नाही. सहाच्या बातमीपत्रात ती दिली, आणि मारेकरी हिंदू होता हेही तिथेच, त्याच दमात सांगितलं. पाऊण तास थांबून खात्री करून घेणाऱ्या त्या अनाम वृत्तसंपादकांचं ऋण किती जणांवर आहे ते मोजता येणार नाही. थांबणं म्हणजे दडवणंही नव्हे, हे लगेच म्हणायला हवं. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दूरदर्शनने त्यांच्या मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी. तोवर परदेशी रेडिओ ती सांगून मोकळा झाला होता. दिवसभर लोक अफवांवर जगले.

आणि मेलेलाच नाही त्याला मारून टाकणं? मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णालयात असताना खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी दिली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली, आणि जेपी जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले अत्यवस्थ असताना त्यांच्याही निधनाच्या बातम्या आणि श्रद्धांजल्या रातोरात फिरल्या. ते जिवंत आहेत, हे घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं. २६ तारखेला ते गेले. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या बायकोने किंवा मुलीने आपल्या माणसाचा श्वास चालू आहे याची ग्वाही साऱ्या जगाला द्यायची, याहून क्रूर काम मला सुचत नाही. पाच मिनिटं आधी कळून वाचकाचं काय भलं होणार होतं? “कन्फर्म आहे ना?” हा प्रश्न डेस्कवर अजून विचारला जातो. फक्त आता उत्तर म्हणून दुसऱ्या वाहिनीचा स्क्रीन दाखवतात.

कोणाचा मृत्यू बातमी होतो हे पुष्कळदा त्या दिवशी आणखी कोण गेलं यावरही ठरतं. संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ ला गेला, म्हणजे स्टॅलिन गेला त्याच दिवशी. प्रोकोफिएव्हचं घर रेड स्क्वेअरजवळ होतं आणि स्टॅलिनच्या अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीमुळे त्याचं पार्थिव बाहेर काढणंही अवघड होऊन बसलं. सोव्हिएत रशियातल्या एका प्रमुख संगीत-नियतकालिकाने पहिली ११५ पानं स्टॅलिनला दिली आणि ११६ व्या पानावर प्रोकोफिएव्ह गेल्याची छोटी बातमी छापली. संगीताच्या नियतकालिकाने! आज त्या दोघांपैकी कोणाची निर्मिती माणसं डोळे मिटून ऐकत बसतात ते सांगायला नको. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींच्या हत्येच्या दिवशी आल्डस हक्स्ली आणि सी. एस. लुईस हे दोन लेखक गेले, तेही असेच आतल्या पानांत हरवले.

हा योगायोग झाला. पण दिवस मोकळा असतानाही ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचं काय? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ८ मार्च २०१८ पासून एक काम हाती घेतलं. १८५१ साली पत्र सुरू झाल्यापासून ज्यांच्या मृत्यूची दखल आपण घेतलीच नाही अशांचे मृत्युलेख आता लिहायचे. पहिल्याच यादीत कादंबरीकार शार्लट ब्राँटे होती, गणितज्ञ ॲडा लव्हलेस होती, कवयित्री सिल्व्हिया प्लाथ होती, आणि १९६९ मध्ये ३६ व्या वर्षी गेलेली आपली मधुबालाही होती. त्याच वेळी त्यांनी कबूल केलं, की अगदी अलीकडच्या दोन वर्षांतही त्यांच्या मृत्युलेखांत पाचातला जेमतेम एक बाईवर असतो. हे आकडे त्या एका पत्राचे आहेत आणि त्यांनी स्वतः छापले म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. इतरांनी आपली पानं अशी मोजली तर काय निघेल याची मला धास्ती वाटते.

जागा मिळाली तरी ती कशी मिळते तेही पाहावं. इव्हॉन ब्रिल ही रॉकेट-शास्त्रज्ञ मार्च २०१३ मध्ये ८८ व्या वर्षी गेली. अवकाशातले उपग्रह आपापल्या जागी टिकून राहावेत यासाठी जी प्रणोदन यंत्रणा लागते तिच्या शोधाचं श्रेय तिचं. तिच्यावरचा मृत्युलेख सुरू झाला तो तिच्या हातच्या एका चविष्ट पदार्थाने. मग नवऱ्याच्या बदल्यांमागे ती कशी गावोगाव गेली ते आलं, मुलांसाठी तिने आठ वर्षं नोकरी कशी सोडली ते आलं. रॉकेट उगवलं दुसऱ्या परिच्छेदात. वाचक चिडले तेव्हा पहिलं वाक्य बदललं. मला इथे एक गोष्ट नीट म्हणायची आहे. घरातलं काही लिहूच नये असं माझं मुळीच मत नाही. तंबोरा लावणारी ती वळलेली बोटं घरातलीच होती. पण ती त्या बाईच्या गाण्याकडे घेऊन जात होती. ब्रिलचा स्वयंपाक वाचकाला कुठेही घेऊन जात नव्हता, तिच्या कामापासून लांब मात्र नेत होता.

आत्महत्येच्या बातमीविषयी मी जास्त कडक आहे. तिथे चुकीच्या शब्दाची किंमत दुसरंच कुणीतरी चुकवतं. मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२ मध्ये गेली त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेतल्या आत्महत्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्याचं डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवून दिलं. विनोदी नट रॉबिन विल्यम्स २०१४ च्या ऑगस्टमध्ये गेला, त्यानंतरच्या पाच महिन्यांतही तिथे अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के अधिक आत्महत्या झाल्या. याउलट रॉक गायक कर्ट कोबेन १९९४ मध्ये सिएटलमध्ये गेला तेव्हा तिथली पत्रं आणि मदत-केंद्रं सावध होती. त्याच्या संगीताचं कौतुक आणि त्याच्या मरणाची पद्धत यांची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही, मदतीचे दूरध्वनी क्रमांक पुन्हा पुन्हा दिले. तिथे भीती होती तशी लाट आली नाही. मदत-केंद्रांना येणारे फोन मात्र वाढले. म्हणजे नीट लिहिलेली बातमी माणसाला फोनपर्यंत पोचवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना यावर आहेत, आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये त्यांच्या आधारे नियमावली काढली: बातमी ठळक जागी नको, पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, फोटो आणि चित्रफिती नकोत. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, एका तरुण नटाच्या मृत्यूनंतर कित्येक आठवडे वाहिन्यांवर जे चाललं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तो कुणाच्या घरातला मुलगा होता हे त्या आठवड्यांत कोणाच्या लक्षात तरी होतं का?

मृतांविषयी फक्त चांगलंच बोलावं का? ‘मरणान्तानि वैराणि’ असं रामायणातला राम रावणाच्या देहापाशी म्हणतो, आणि ते मला अतिशय मोठं वाटतं. पण वैर संपणं वेगळं आणि मतभेद खोडून टाकणं वेगळं. आगरकर १७ जून १८९५ ला गेले. ते आणि टिळक कॉलेजातले मित्र, शाळा आणि ‘केसरी’ काढताना बरोबरचे, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले. आणि नंतर इतके दुरावलेले, की एकाने ‘सुधारक’ काढावा आणि दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांवर झोड उठवावी. आगरकरांना सनातन्यांनी जिवंतपणी त्यांचीच प्रेतयात्रा दाखवली होती. ते खरोखर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहायला टिळक बसले, आणि लिहिताना त्यांना अश्रू आवरत नव्हते, अशी आठवण सांगतात. वाचणाऱ्या प्रत्येकाला दोघांमधलं भांडण तोंडपाठ होतं. म्हणूनच त्या शोकाला वजन होतं. १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले गेले तेव्हाही टिळक सिंहगडावरून तातडीने खाली आले आणि आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्या माणसाला त्यांनी भारताचा हिरा आणि महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. ज्याने कधी विरोध केला नाही त्याच्या तोंडी तेच शब्द इतके उजळले नसते. आज आपण वाद झाकतो, ‘मनस्वी’ किंवा ‘स्पष्टवक्ते’ म्हणून पुढे जातो, आणि माणूस गुळगुळीत होऊन जातो. ज्याच्याशी कुणाचंच भांडण झालं नाही असा मोठा माणूस मी तरी ऐकलेला नाही.

त्या दिवशीचा निवाडा पुढे टिकतोच असंही नाही. ग्रेगोर मेंडेल ६ जानेवारी १८८४ रोजी गेला तेव्हा त्याच्या गावाने एका मठाधिपतीसाठी शोक केला. अंत्यविधीला ऑर्गन वाजवला तो लिओश यानाचेकने, जो पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला. वाटाण्यांवरचे प्रयोग छापून १८ वर्षं झाली होती, पण आनुवंशिकतेचं शास्त्र यातून उभं राहणार आहे हे कळायला १९०० साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये मोठ्या माणसांच्या घरांवर निळ्या गोल पाट्या लावतात. ही प्रथा सुरू करण्याची कल्पना १८६३ ची. तिथला नियम असा, की मृत्यूला निदान २० वर्षं झाल्याशिवाय पाटीचा विचारच करायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. दहाव्या दिवशी चौकाला नाव आणि पहिल्या स्मृतिदिनी पुतळा, आणि त्या माणसाची पुस्तकं मात्र कुठे मिळत नाहीत, हस्तलिखितं कुणाच्या माळ्यावर आहेत ते ठाऊक नाही, ध्वनिफितींना बुरशी लागली आहे, हे दृश्य पाहिलेल्या कुणालाही तो आवडेल.

पुढे वाट पाहायची, तशी आधी तयारीही करायची. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्येच ॲल्डन व्हिटमन नावाचे एक गृहस्थ १९६४ पासून मृत्युलेखांचे प्रमुख होते. ते ज्यांच्यावर लिहायचं त्यांनाच जाऊन भेटत. माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना ते भेटले तेव्हा ट्रुमननी सांगून टाकलं, की तुम्ही का आलात ते मला माहीत आहे आणि लागेल ती मदत करायची माझी इच्छा आहे. विनोदी लेखक आर्ट बुकवाल्डने तर मरणापूर्वी मुलाखत चित्रित करून दिली होती. २००७ च्या जानेवारीत तो गेल्यावर ती दाखवली गेली. पडद्यावर येऊन तो प्रसन्नपणे सांगतो, मी आर्ट बुकवाल्ड, आणि मी नुकताच वारलो. आपल्याकडे ‘असलं अभद्र बोलू नये’ म्हणून हा विषय निघतच नाही. मग ती कात्रणांची पाकिटं रिकामीच राहतात.

नोकरी सोडल्यावर मी माझ्यापुरतं हे काम सुरू केलं आहे. ऐंशी ओलांडलेल्या, चांगलं काम केलेल्या माणसांना भेटायचं, सगळं ध्वनिमुद्रित करायचं, तारखा कागदपत्रांवरून ताडून घ्यायच्या. कशासाठी ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगते. काही जण रागावतात, एकदा एका घरातल्या सुनेने फोन आपटला. पण बहुतेकांना बोलायचं असतं, आणि माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोकळेपणाने.

सध्या एका निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञांकडे जाते. नव्वदीला आले आहेत, ऐकू कमी येतं, स्मरण मात्र कडक. एका महत्त्वाच्या निष्कर्षासाठी त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात आहे. परवा बोलता बोलता त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “तू लिहिशील तेव्हा एक कर बाई. त्यातली सगळी मोजमापं माझी नव्हेत. आमच्याकडे एक मुलगी होती साहाय्यक म्हणून. दोन उन्हाळे तिने एकटीने नमुने गोळा केले, आणि खडकाच्या थरातला फरक आधी तिच्याच ध्यानात आला. पेपरवर तिचं नाव आभाराच्या ओळीत गेलं. ते वर यायला हवं होतं.” मी विचारलं, “सर, हे आजवर कुठे बोलला नाहीत?” तर म्हणाले, “कोणी विचारलंच नाही. सत्काराला बोलावतात तेव्हा विचारत नाहीत.”

त्यांना तिचं माहेरचं आडनाव आठवतं, लग्नानंतरचं नाही. त्या वर्षांची हजेरीपत्रकं संस्थेच्या तळघरात आहेत असं कळलं आहे. परवानगीचा अर्ज मी दिला आहे. ती बाई असेल तर आता सत्तरीच्या पुढे असेल, आणि तिलाही भेटायचं आहे.